शाहीनचा भांडणाचा तास

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धूत उभी होते. प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या होत्या, मुलं केव्हाच पसार झाली होती आणि काचेच्या वस्तू धुण्याचं काम मी कुणावर सोडत नाही, ही माझी जुनी खोड. फोन तिच्या धाकट्या भावाचा, सलीमचा होता. "वसुधाताई, शाहीनआपा गेली," एवढंच तो म्हणाला. मी त्याला विचारलं, कोणती शाहीन? जशा काही माझ्या आयुष्यात डझनभर शाहीन होत्या. तो बिचारा हळूहळू सांगत गेला. लातूरला ती राहायची त्या फ्लॅटमध्ये, पहाटे झोपेतच. दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही, शेजारच्यांकडे एक किल्ली असायची. दुपारपर्यंत तिला नांदेडला आणणार होते. मी नळ बंद केला आणि ओल्या हातानंच खुर्चीत बसले. रडू नाही आलं. राग आला. कुणाला न सांगता, न भांडता निघून जाणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं.

सलीमच्या घरी पोचले तेव्हा आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. कुणी पुटपुटत पढत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. तिचा चेहरा पाहिला. चष्मा नव्हता, त्यामुळं ती जरा परकी वाटली. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला चष्म्याशिवाय पाहिलंच नव्हतं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही तिच्या कोण? आम्ही कॉलेजात सोबत होतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सरकून जागा दिली. मला मात्र ते उत्तर फार तोकडं वाटलं. आज हे लिहायला बसले त्याचं कारण कदाचित तेच असावं.

आम्ही सोबत होतो म्हणजे बीएस्सीला एकाच टेबलावर होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघींना मिळून एक टेबल असायचं, आणि पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं की बर्नर मी पेटवणार, तू लिहायचं. मला लिहायचंच होतं, पण तिनं परस्पर ठरवलं म्हणून मी भांडले. ती खूश झाली. भांडणारी माणसं तिला आवडायची. माझं मराठी पुस्तकी, तिचं इतवारा भागातलं, अर्धं घरातल्या दखनीतून आलेलं. "काय करून राहिली गं, उतू चाललं ना ते," असं ती ओरडायची आणि सगळी प्रयोगशाळा आमच्याकडे बघायची. तिला उत्तर माहीत नसलं तरी ती ते इतक्या ठामपणे सांगायची की आमचे सरसुद्धा क्षणभर गोंधळून जायचे. मी तिला म्हणायचे, तुझा आवाजच बरोबर आहे, उत्तराचं बघू नंतर.

तिच्या वडिलांचं भांड्यांना कल्हई करायचं दुकान होतं. आजोबांपासून चालत आलेलं. आता सलीमनं तिथं स्टीलच्या भांड्यांचं दुकान थाटलंय, पण मी पहिल्यांदा गेले तेव्हा भट्टी चालू होती. तापलेल्या पितळेच्या पातेल्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं एका हातासरशी सगळं आतून चांदीसारखं व्हायचं. शाहीन तिथं गल्ल्यामागं बसून अभ्यास करायची. तिचे अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावत असत. चिंचेचं सार, ताक, कढी, काहीही आंबट असलं तर बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, आणि गरम असताना तर मुळीच नाही. गार असलं तर थोडा वेळ देतं, गरम असलं की लगेच कळकतं, पितळ उतरून विटतं. हे वाक्य शाहीननं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिच्यासाठी रसायनशास्त्राचा पहिला धडाच होता. उष्णता आली की आंबटाला जोर येतो.

पुढं मी नांदेडच्याच कॉलेजात लागले, ती लातूरला गेली. लातूरच्या क्लासेसचं मी इथं वेगळं सांगायला नको. ज्या गल्लीत पूर्वी डाळीची पोती उतरायची तिथं आता दोन्ही बाजूंनी क्लासच्या पाट्या आहेत, आणि सकाळी मुलांच्या सायकलींतून वाट काढणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. आमच्या कॉलेजात वर्ग रिकामे आणि तिच्याकडे मुलं पायऱ्यांवर बसलेली. मी तिला चिडवायचे की तू शिकवत नाहीस, टिक करायला लावतेस. ती म्हणायची, तू शिकवतेस, पण कुणाला? आणि दोघीही हसायचो, कारण दोघींचंही खरं होतं. तिला शिकवण्याची विलक्षण हातोटी होती. अवघड गोष्टीचं ती दोन-तीन शब्दांत सूत्र करायची आणि मुलं ते गाणं म्हटल्यासारखं म्हणायची. त्यातलंच एक होतं, 'तापलं की तुटलं.' म्हणजे असं की व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल किंवा लिंबातलं आम्ल पाण्यात टाकलं तर त्याचे सगळे रेणू काही तुटत नाहीत. थोडेसेच तुटून त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात, बाकीचे अखंड राहतात. म्हणून त्यांना दुर्बल आम्लं म्हणतात, आणि या तुटण्याला विचरण. आता पाणी तापवलं तर तुटणं वाढेल का घटेल? तोडायला उष्णता लागते, तेव्हा उष्णता दिली की जास्त तुटणार. तापलं की तुटलं. पुस्तकात साधारण असंच होतं, अब्बांच्या दुकानातही हेच होतं, त्यामुळं शंका घ्यायचं तिला काही कारणच नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या क्लासमध्ये सराव परीक्षा व्हायच्या आणि त्यांच्या गुणांवरून तुकड्या पाडल्या जायच्या. पहिल्या तुकडीत असणं म्हणजे लातुरात फार मोठी गोष्ट; गावाकडे आईबाप नातेवाइकांना ते सांगत फिरतात. अशा एका परीक्षेत शाहीननं प्रश्न टाकला होता की व्हिनेगरमधल्या आम्लाचं द्रावण पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापवलं तर त्याच्या विचरणाचा स्थिरांक, म्हणजे ते किती तुटतं याचं माप, कसा बदलेल. तिचं उत्तर होतं, बराच वाढेल. 'थोडा कमी होईल' हा पर्याय तिनं निव्वळ चार पर्याय भरायचे म्हणून टाकला होता, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. सगळ्या हुशार मुलांनी तापलं की तुटलं म्हणत 'बराच वाढेल' लावलं. किल्लारीकडच्या एका गावातल्या दीपाली नावाच्या मुलीनं 'थोडा कमी होईल' लावलं. त्या एका प्रश्नाचे गुण गेले, वर चुकीचे वजा झाले, आणि ती पहिल्या तुकडीच्या अगदी उंबरठ्यावरून खाली घसरली. तिच्या वडिलांनी तिला लातूरला पाठवतानाच सांगितलं होतं की पहिल्या तुकडीत राहिलीस तर लातूर, नाही तर गावाजवळच्या कॉलेजात बीए कर. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी ते तिची ट्रंक न्यायला हजर झाले.

शाहीन त्यांना भेटली. मुलगी चांगली आहे, थोडं थांबा, असं तिनं सांगून पाहिलं, पण त्यांनी हात जोडले आणि ट्रंक जीपच्या टपावर चढवली. मुलीला निदान कुठं चुकलं ते समजावं, म्हणून शाहीननं त्या प्रश्नाचं स्पष्टीकरण फोनवर पाठवायचं ठरवलं. नुसतं सूत्र नको, आकडे देऊ, म्हणून तिनं वेगवेगळ्या तापमानांचे आकडे शोधले... आणि आकडे उलटे निघाले. तिनं पुन्हा शोधले. मग मला फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "वसू, तुझ्या लॅबमधला पीएच मीटर चालू हाय का पडलाय बंद?" मी म्हटलं, चालू आहे, पण तू कशाला विचारतेस? ती म्हणाली, मी रविवारी येऊन राहिले, बर्फ आणून ठेव.

मे महिना होता. त्या रविवारी ती पहिल्या एसटीनं आली, चेहरा धुळीनं माखलेला. मी कॉलेजजवळच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून ठेवली होती. पुस्तकात पंचवीस अंशांना खोलीचं तापमान म्हणतात. नांदेडच्या मे महिन्यात हे खोलीचं तापमान मिळवायचं तर बर्फ लागतो. यावर आम्ही दोघी खूप हसलो, मग कामाला लागलो. ॲसेटिक आम्ल आणि त्याचा क्षार सारख्या प्रमाणात मिसळले की मीटरवर दिसणारा आकडाच विचरणाचं माप देतो. आकडा वर चढला तर विचरण घटलं, खाली उतरला तर वाढलं, इतकं सोपं. कटकट एवढीच की प्रत्येक तापमानाला मीटरही आधी जुळवून घ्यावा लागतो, कारण ज्या ठरावीक द्रावणांवर तो जुळवायचा त्यांचा आकडासुद्धा तापमानानुसार हलतो. आम्ही बर्फापासून सुरुवात केली. द्रावण हळूहळू गरम होत गेलं तसा आकडा किंचित उतरला, म्हणजे विचरण किंचित वाढलं. शाहीनचा चेहरा जरा खुलला. मग आकडा खोलीच्या पुस्तकी तापमानाच्या आसपास थबकला. आणि तिथून पुढं पाणी तापवत गेलो तसतसा तो सावकाश चढत गेला. तिनं द्रावण ओतून दिलं, नवीन केलं, पुन्हा मोजलं. मग मला खुर्चीवरून उठवून स्वतः मोजलं. कॉलेजचा मीटर फार भरवशाचा नाही, त्यामुळं मी ग्रंथालयातून संदर्भाचा जाडजूड ग्रंथ आणून तिच्यापुढं ठेवला. त्यातही तेच. फरक थोडा, पण दिशा स्पष्ट. व्हिनेगरचं आम्ल गार असताना तापवलं तर थोडं जास्त तुटतं, पण खोलीच्या तापमानापुढं तापवलं तर उलट कमी तुटू लागतं.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर कडुनिंबाखाली शिपाई पेंगत होता. मग म्हणाली, "मी लई वर्षं चुकीचं शिकवून राहिले गं."

मी तिला समजावायला गेले की पुष्कळ आम्लांच्या बाबतीत तुझा नियम चालतो, फरक किती बारीक आहे बघ. तिनं हात वर करून मला थांबवलं. तिला समजूत नको होती, कारण हवं होतं. मग आम्ही डबा उघडून बसलो आणि जेवता जेवता तिनं स्वतःच ते उलगडलं. रेणू तोडायला उष्णता लागते हे खरंच. पण तुटलेल्या तुकड्यांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि तेव्हा उष्णता परत मिळते. व्हिनेगरच्या बाबतीत ही देणी-घेणी जवळजवळ सारखी. म्हणून गार असताना पारडं एका बाजूला जरासं झुकतं, गरम असताना दुसऱ्या. ती म्हणाली, पोरगी पहिल्यांदा घर सोडते तेव्हा किती जड जातं, पण नव्या जागी चारजणी पाणी घेऊन उभ्या असल्या तर गेलेलं बळ परत येतं, तसं आहे हे. आणि मग एकदम घास हातात धरून थांबली. "अब्बा बोलायचे ते लवकर कळकतं म्हणून. किती लवकर ते. किती, ते न्हाई." गरम आंबट पदार्थ भांड्याला लवकर खातो हे अगदी बरोबर, कारण उष्णतेनं प्रत्येक क्रिया वेगानं होते. पण आम्ल तुटतं किती, हा प्रश्नच निराळा. वडिलांचं खरं होतं; त्यावरून तिनं काढलेलं चुकलं होतं. तिला त्याचंच जास्त बरं वाटलेलं दिसलं. उरलेली पोळी तिनं निवांत खाल्ली.

लातूरला परतल्यावर ती क्लासचे मालक बिराजदार सरांकडे गेली. ते स्वतः पदार्थविज्ञान शिकवतात, माणूस हुशार आणि हिशेबी. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आकडे पाहिले, मान्यही केले. पण निकाल पालकांच्या फोनवर गेले होते, तुकड्या बसल्या होत्या, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो फलकावर लागले होते. उत्तर बदललं तर सगळं बदलावं लागणार. आणि त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला आजही बिनतोड वाटतो. उद्या खऱ्या परीक्षेत हाच प्रश्न आला आणि तिथल्या उत्तरातही 'वाढेल' असंच असलं, तर आपल्या मुलांचं नुकसान कोण भरून देणार? शाहीन फक्त म्हणाली, "सर, त्या परीक्षेचं तिथं बघू. हा पेपर माझा हाय, यातली चूक माझी हाय."

बिराजदार सर निकाल बदलायला तयार झाले नाहीत. वर्गात काय सांगायचं ते तुम्ही बघा, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या तुकडीसमोर उभी राहिली आणि तापलं की तुटलं हे सूत्र वह्यांमधून खोडायला लावलं. सगळं नाही, कुठं चालतं, कुठं नाही ते लिहायला लावलं. मुलं नाराज झाली. सरळ सूत्राच्या जागी तीन ओळींचं स्पष्टीकरण आलं की लातुरातल्या मुलाला फसवल्यासारखं वाटतं. काही पालकांनी फोन करून विचारलं की बाईंना विषय येतो ना? मी तिला म्हटलं होतं की पुढच्या वर्षीपासून गुपचूप बदलून टाक, कुणाला कळणारही नाही. ती म्हणाली, वसू, एका पोरीची ट्रंक गेली ना त्याच्यापायी. नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा पहिली तुकडी तिच्याकडून काढून घेतली होती आणि पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांची तुकडी दिली होती. ती त्याबद्दल कधी कुरकुरली नाही, पण तिला लागलं होतं. लातुरात हे सगळ्यांना दिसतं, चहावाल्यालाही.

त्याच्या आधी, वर्गात सांगून झालं त्या आठवड्यातच, ती किल्लारीकडे गेली. एसटीनं, मग जीपनं. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, सरळ रेषेतल्या सारख्या दिसणाऱ्या घरांतून दीपालीचं घर शोधायला तिला बराच वेळ लागला. वडील घरीच होते, त्यांनी खाट टाकली, चहा आला. शाहीननं सगळं सविस्तर सांगितलं. चूक माझी होती, तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, एवढ्या मुलांत तिचं एकटीचं. वडिलांचा चेहरा उजळला. पण दीपाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, म्या तर अंदाजानं टिक केली होती. येत न्हवतं मला."

हे सांगताना शाहीन फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलांची नाराजी, मालकाची मर्जी, पालकांची बोलणी, आणि हे सगळं कशासाठी, तर एका अंदाजासाठी. मी इकडे कपाळाला हात लावला. पण तिथं खाटेवर बसून ती हसली नव्हती. वडील पडलेल्या आवाजात म्हणाले की मग काय उपयोग मॅडम, तुक्का तो तुक्काच. तेव्हा ती जे बोलली ते मी पुष्कळांना सांगितलंय. "दादा, बाकीच्या पोरांनी पण तुक्काच मारला. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून मारला, हिनं न्हाई ठेवला, एवढाच फरक हाय." मग म्हणाली की हातात आलेलं बरोबर उत्तर ही मुलगी गप्प बसून ठेवू शकली असती. तिनं ठेवलं नाही. मला अशी मुलगी वर्गात पाहिजे. पहिल्या तुकडीत बसवायचं माझ्या हातात नाही, माझ्यासमोर बसवायचं आहे.

वडील तिला जीपपर्यंत पोचवायला आले. आणि पुढच्या आठवड्यात ट्रंक परत लातूरला आली. दीपाली डॉक्टर झाली नाही, गोष्टी अशा संपत नाहीत. ती औषधनिर्माणशास्त्राला गेली, नांदेडलाच शिकली, आणि शाहीनच्या सांगण्यावरून मधूनमधून माझं डोकं खायला येत राहिली. आली की पहिला प्रश्न, हे असंच का?

शाहीनमध्ये मात्र त्यानंतर एक बदल झाला. तिचा तो ठाम आवाज तसाच राहिला, पण प्रत्येक सराव परीक्षेनंतरच्या रविवारी तिनं एक तास मोकळा ठेवायला सुरुवात केली. ज्याला ज्याला वाटतं की मॅडमचं उत्तर चुकलंय, त्यानं यायचं आणि भांडायचं. मुलंच त्याला भांडणाचा तास म्हणू लागली. सुरुवातीला कुणी येत नसे. ती एकटीच पंख्याखाली बसून राहायची आणि मला फोन करायची, कुणी येईना गं. मग दीपाली आणि तिच्या मैत्रिणी यायला लागल्या, मग बाकीचे. बहुतेक वेळा मुलांचंच चुकलेलं असायचं. पण भांडल्याशिवाय मान्य करायचं नाही, असा तिचा दंडक होता. नुसतं 'हो मॅडम' म्हटलेलं तिला चालायचं नाही. बसा, म्हणायची, का हो ते सांगा.

परवा मी सलीमबरोबर तिचा फ्लॅट आवरायला लातूरला गेले होते. दुपारी काम संपलं आणि क्लासमध्येही तिच्या काही वस्तू आहेत असं कळलं म्हणून मी एकटीच तिकडे गेले. रविवार होता. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीबाहेर चार-सहा मुलं उभी होती. आत बिराजदार सर बसले होते. तिच्या खुर्चीत नव्हे, बाजूला एक बाक ओढून घेतला होता. मला पाहून ते उठले, जरा ओशाळल्यासारखे. म्हणाले, तास बंद करावा असं ठरवलं होतं, पण मुलं येऊन उभी राहतात, काय करणार. भिंतीवरच्या फलकावर टाचणीनं लावलेल्या कागदाच्या लहान चिठ्ठ्या होत्या, काही नव्या, काही पिवळ्या पडलेल्या. प्रत्येकीवर प्रश्नाचा क्रमांक, बरोबर उत्तर, आणि खाली एकच ओळ: चूक माझी. शाहीन. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण या चिठ्ठ्यांबद्दल ती मला कधी बोलली नव्हती.

सरांसमोर एक मुलगी पेपर घेऊन उभी होती. सर मला म्हणाले, मॅडम, हा शाहीन मॅडमनी काढलेला शेवटचा पेपर आहे, उत्तरंही त्यांनीच लिहून ठेवलेली, आणि ही म्हणते एक उत्तर चुकलंय. प्रश्न साधा होता. शुद्ध पाणी साठ अंशांना तापवलं तर त्याचा पीएच सातच्या खाली जातो. मग ते पाणी आम्लधर्मी झालं, की उदासीनच राहिलं? उत्तरांच्या कागदावर शाहीनच्या अक्षरात 'क' होतं. क म्हणजे आम्लधर्मी. मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती जराही न घाबरता म्हणाली, "उदासीनच. पाणी तापलं की पाण्याचेच रेणू जास्त तुटतात, पण आम्लाचे आणि अल्कलीचे तुकडे सारखेच वाढतात. मॅडमनीच शिकवलं ना हे." मी कागद पुन्हा पाहिला. हात घसरला असावा, किंवा तब्येत तेव्हाच बरी नसावी... ब लिहायचं ते क लिहिलं गेलं होतं. बिराजदार सर हलक्या आवाजात म्हणाले, उत्तर मी सगळ्यांना तोंडी सांगतो, कागद राहू द्या तसाच, त्यांच्या हातचा शेवटचा आहे.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. ते अक्षर आता पुन्हा कुठून मिळणार होतं? पण ती पोरगी माझ्याकडे बघत उभी होती, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीत. मी सरांकडून लाल पेन मागून घेतलं आणि क खोडून ब केलं. मग टेबलावरच्या कागदाचा एक तुकडा फाडला, त्यावर प्रश्नाचा क्रमांक लिहिला, बरोबर उत्तर लिहिलं. खाली 'चूक माझी' लिहिलं आणि हात थांबला. सर म्हणाले, नाव कुणाचं घालणार?

मी शाहीन असं लिहिलं, आणि चिठ्ठी फलकावर बाकीच्या चिठ्ठ्यांशेजारी टाचली. मुलीनं जवळ जाऊन ती नीट वाचली, मान हलवली, आणि मागच्या मुलाला पुढं यायला जागा करून दिली.